शकूआजीची मारबत

इरा आणि नील,

तुमच्याकडे मेलबर्नला आता थंडी ओसरत असेल. इकडे पोळा आला आहे. सक्करदऱ्याच्या तलावाकडून सकाळपासून बांबू फोडल्याचे आवाज येत आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघेल, तिच्यासाठी गल्लीगल्लीत पोरं बडगे नावाचे पुतळे बांधत बसली आहेत. हे मी तुम्हाला फोनवर सांगणार होते. पण मी बोलायला लागले की नीलला गृहपाठ आठवतो आणि इराच्या चेहऱ्याचा फक्त कपाळाकडचा भाग दिसत राहतो. शिवाय ही हकिगत सांगताना मला मध्येच थांबावं लागतं, आणि मी थांबले की तुम्ही विचारता, "आजी, नेट गेलं का?" म्हणून लिहिते आहे.

कारण इराचं आहे. गेल्या रविवारी ती म्हणाली, तिच्या फुटबॉल क्लबच्या कोचबाईंना काढून टाकलं. त्यांनी एका मुलीला दंडाला धरून गोलच्या खांबावर ढकललं होतं. "आजी, त्या बेस्ट होत्या," इरा म्हणाली, "आणि त्या गेल्या म्हणून मला बरंही वाटतंय. असं दोन्ही कसं वाटू शकतं?" मग म्हणाली, "शकूआजीला विचार ना. ती पण कोच होती ना कधीतरी?"

कधीतरी! तुमच्या लेखी शकूआजी म्हणजे लंगडत येणारी, पार्सलमध्ये चिवडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली संत्राबर्फी पाठवणारी आजोबांची बहीण. ती आपल्या देशाच्या महिला फुटबॉल संघाची कोच होती. किती काळ होती आणि का राहिली नाही, हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली. ती पलंगावर पाय लांब करून, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती.

"लिवा ना वहिनी," ती म्हणाली. "पण गोड करून नका लिवू. तुमचा हात साखरेचा हाये."

मी साखर घालणार नाही.

भाद्रपदाच्या तोंडावरचा नागपूरचा पाऊस तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही येता ते डिसेंबरात, तेव्हा हे शहर शहाण्यासारखं वागतं. या दिवसांत मात्र ऊन आणि पाऊस एकमेकांच्या उरावर बसतात. सकाळी अंगाची लाही होते आणि दुपारी आभाळ कानशिलात लगावावी तसं कोसळतं. टिनाच्या छपरावर असा मारा होतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. मग पुन्हा ऊन, आणि जमिनीतून वाफ. कुजलेलं गवत, ओला बांबू, चिखलात रुतलेलं चामडं यांचा एकत्र वास आला की मला आजही आधी शिट्टी ऐकू येते आणि पाठोपाठ काडीचा सपकारा. वर्षातून एकदा, याच आठवड्यात. माझी व्यवस्थित लावलेली कपाटं, तारखेवार रचलेली बिलं, काही म्हणजे काही त्याला अडवू शकत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले ती सदर भागातल्या कॉन्व्हेंटमधून आणि एम.ए.च्या पुस्तकांमधून. माहेरी मला कुणी कधी बोट लावलं नव्हतं. इथे आल्यावर थोड्याच दिवसांत मी पाहिलं, मामंजी अंगणात कमरेचा पट्टा काढून उभे आहेत आणि समोर चिखलाने माखलेली, हाफपँट घातलेली त्यांची धाकटी मुलगी उभी आहे. पट्टा पाठीवर पडत होता आणि ती मोजत असल्यासारखी आभाळाकडे पाहत होती. तुमच्या आजोबांनी पट्टा धरला तेव्हा ती त्यांच्यावरच चिडली. "होऊ दे ना दादा. आज झालं म्हंजे उद्या खेळाले मोकळी." मी तिला रीतीप्रमाणे वन्सं म्हणत असे. त्या संध्याकाळी मी तिच्या पाठीला हळद लावत असताना ती म्हणाली, "वन्सं-बिन्सं नका म्हनू, शकू म्हना. वन्सं ऐकलं का मले वाटते मी चुलीपाशी बसली हावो."

ती बचाव फळीत खेळायची. देशासाठी खेळली. परदेशातल्या एका सामन्यात समोरच्या मुलीचा बूट तिच्या उजव्या गुडघ्यात घुसला. ती पडली तेव्हा तिचे कोच धावत मैदानात आले आणि त्यांनी तिला वेणीला धरून उठवलं. ती उठली आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत तशीच खेळली. त्यानंतर ती कधी खेळली नाही. पण ही हकिगत ती कितीतरी वर्षं हसून, मान ताठ करून सांगायची. "वेनीले धरून उठवलं म्हनून उठली. नाही तं तिथंच रडत बसली असती." मार हेच तिचं कॉलेज होतं, आणि तिथे ती पहिली आली होती.

पुढे ती त्याच संघाची सहायक कोच झाली. सहायक म्हणजे काय, हे तिने मला एकदा भांडी घासता घासता सांगितलं होतं. मुलींच्या बाटल्या भरायच्या, घामाच्या बनियनी धुवायच्या, कुणाची पाळी चुकली, कुणाचं पोट बिघडलं ते पाहायचं, आणि सामना संपल्यावर मुख्य कोच पत्रकारांशी बोलत असताना त्यांची बॅग धरून मागे उभं राहायचं. मुख्य कोच नेहमी पुरुष. ते बदलत गेले, बॅग तीच राहिली. मुलींना खेळ शिकवायची शकूच, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि मग एका वर्षी, तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा, तिला मुख्य कोच केलं. दौऱ्याआधीचं शिबिर तिने हट्टाने नागपूरला मागून घेतलं. देशभरातून मुली येणार, कुणाला कुणाची भाषा येणार नाही, म्हणून इंग्रजी येणारी व्यवस्थापक बाई हवी होती. त्या पावसाळ्यात मी कॉलेजातून रजा घेतली आणि शिबिराच्या खोल्यांच्या किल्ल्या कमरेला लावल्या.

माणसाने आयुष्यभर जे मागितलं ते हातात पडल्यावर त्याचा हात कसा होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

मैदानामागे नाला होता आणि नाल्याकाठी बेशरमाचं रान माजलं होतं. जांभळ्या फुलांची ती झुडपं इकडे कुठेही उगवतात, तोडली तरी पुन्हा येतात, म्हणून नाव बेशरम. शकू रोज सकाळी तिथे जाऊन एक ताजी काडी तोडायची, पानं ओरबाडायची आणि हवेत एकदा फिरवून पाहायची. तो सपकारा ऐकला की खोल्यांमधली कुजबुज बंद व्हायची. उशिरा आली, पोटरीवर. पास चुकला, पोटरीवर. रडली, तर त्याची वेगळी. चिखलात पडलेल्या मुलीच्या पाठीवर बूट ठेवून ती म्हणायची, "उठ. सामनेवाली थांबनार नाही तुह्यासाठी." संध्याकाळी मी मुलींच्या पायांना मलम लावायचे. मणिपूरची थोइबी, संघाची कप्तान, दात आवळून गप्प बसायची. आमच्या कन्हानची गोलकीपर निशा मात्र बडबडायची. "मॅडमची काडी बॉलपेक्षा फास्ट हाये, वहिनी. तिलेच घ्या ना टीममध्ये."

आणि तरी, इरा, शकूइतकं कुणाला येत नव्हतं. हेही लिहायला हवं. ती एखाद्या मुलीच्या मागे उभी राहून खालच्या आवाजात सांगायची, "बॉल नको पाहू. तोंड नको पाहू. तिची कंबर पाह्य. मानूस डोयानं फसवते, पायानं फसवते. कंबर खोटी बोलत नाही." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी तीच मुलगी समोरचीच्या पायातून चेंडू असा अलगद काढून घ्यायची की मला, फुटबॉल न कळणाऱ्या बाईला, टाळी वाजवावीशी वाटायची. एकदा रस्त्यावरची टवाळ पोरं कुंपणापाशी जमली. मुलींच्या मांड्यांवरून घाण बोलली, मग दगड भिरकावले. एक दगड थोइबीच्या भुवईवर लागला. रक्त पाहताच शकू तिच्या मोडक्या गुडघ्यासकट कुंपण ओलांडून गेली. तीच काडी, तोच सपकारा. एका पोराचा शर्ट तिच्या मुठीत फाटून राहिला. परत आली तेव्हा तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि मुली तिच्याकडे देवीकडे पाहावं तसं पाहत होत्या. त्याच मुलींना तिने पुढच्या तासाला लक्ष विचलित झालं म्हणून झोडलं.

मी भांडले. रोज भांडले. मी म्हटलं, "शकू, मी इतकी वर्षं शिकवते. कुणावर हात उगारला नाही."

"तुमची पोट्टी नापास झाली तं पुढच्या वर्षी बसते," ती म्हणाली. "माही पोट्टी चुकली तं तिची टांग तुटते. मंग सांगा ना तुमी, आधी मी मारू का सामनेवाली मारन? मले मारलं, मी मेली का?"

ते तिच्या गुडघ्याकडे पाहून ऐकायला फार कठीण होतं.

मग तो दिवस. पाऊस नुकताच मारून गेला होता. मैदानात पाणी, चेंडू साबणासारखा. निशाच्या हातातून तो निसटला. पुन्हा निसटला. शकूने काडी उगारली, ती पहिल्याच फटक्यात मोडली. बेशरमाची काडी हलकीच असते. शकूने इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या झेंड्याची बांबूची काठी चिखलातून उपटली.

"हात समोर कर वं."

निशाने हातमोजे काढले. का काढले, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित मोजे ठेवले तर तेही चुकीचं ठरेल असं वाटलं असेल. उजवा हात पुढे केला. काठी खाली आली आणि असा आवाज आला जो मी विसरू शकत नाही. स्वयंपाकघरात शेवग्याची शेंग मोडताना आजही माझी मान शहारते. निशा ओरडली नाही. ती स्वतःच्या तर्जनीकडे पाहत राहिली. तर्जनी भलतीकडे वळली होती.

सदरच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघी एकाच सायकलरिक्षात कोंबून गेलो. निशा मध्ये. डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?"

"बॉल लागला," निशा म्हणाली. "ओला होता ना, जड झाला होता."

शकू दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं. दौरा गेला, निशाचा तरी नक्की गेला. त्या मुलीचे वडील कोळशाच्या खाणीत होते. मुलीचं नाव पेपरात येईल म्हणून त्यांनी अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलं होतं.

आता मारबतीविषयी सांगते, कारण ती आमच्या नागपूरशिवाय कुठे नाही आणि तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. बांबू, कागद, चिंध्या यांची एक अक्राळविक्राळ बाई करतात, ती मारबत. पुरुषाचा पुतळा तो बडग्या. वर्षभर ज्याने छळलं, मग तो रोग असो, महागाई असो की एखादा साहेब, त्याचा पुतळा करायचा, शिव्या देत, चपला मारत रस्त्याने न्यायचा आणि वस्तीबाहेर जाळायचा. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" हजारो गळे हे ओरडतात. कुणी त्या दिवशी रागावत नाही. ज्याचा बडग्या निघाला त्यानेही रागावायचं नाही, अशी रीत. लग्नानंतर पहिल्यांदा मी ती मिरवणूक पाहिली तेव्हा घाबरून खिडकी लावून घेतली होती. सभ्य माणसं इतका राग रस्त्यावर आणतात, हे मला ठाऊकच नव्हतं. आता वाटतं, वर्षातून एक दिवस तरी आणतात.

पोळ्याच्या आधी निशा, हाताला प्लॅस्टर, शकूकडे आली. मागे चारपाच मुली.

"मॅडम, आमी बडग्या करू का? ह्या पोरीइले दाखवाचा हाये, कसा असते ते."

"कोनाचा?"

"समितीच्या साहेबाचा," निशा म्हणाली. संघ निवडणाऱ्या समितीचे ते साहेब पुढच्याच आठवड्यात दिल्लीहून शिबिर पाहायला येणार होते. त्यांनी पाठवलेले बूट सगळ्यांना मोठे झाले होते, आणि त्यांच्यावर सगळ्यांचा राग होता, शकूचाही.

शकू किती दिवसांनी हसली! "करा ना. मोठा करा. पोट मोठं ठेवजा त्याचं."

"कपडे पाहिजे जुने."

शकू आत गेली आणि तिचा निळा ट्रॅकसूट घेऊन आली. खेळायच्या दिवसांतला, पाठीवर देशाचं नाव असलेला, गुडघ्यावर फाटलेला. मी म्हटलं, "अगं, तो नको." ती म्हणाली, "आता नवा भेटला ना मले. साहेबाले तरी देशाचे कपडे घालू द्या एखाद रोज."

मारबतीच्या दिवशी ढग होते पण पाऊस नव्हता. मोठी मिरवणूक तिकडे जुन्या शहरात. आमच्या वस्तीतली छोटी. ढोल असा बडवत होते की ओट्यावरची फरशी पायाखाली थरथरत होती. मुलींनी बडग्या खांद्यावर आणला. पायघोळ कोट, टाय, पुठ्ठ्याचा मुखवटा, वर सोनेरी चष्मा, आणि पोट खरंच मोठं. वस्तीने जल्लोष केला. बायका चपला काढून मारू लागल्या. थोइबीला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण ती "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत होती की तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मी मनात म्हटलं, बुटाच्या मापासाठी एवढा संताप?

शकू ओट्यावर उभी होती. तिने आपली चप्पल काढली. "थांबा, साहेबाले माही पन भेट द्या!" आणि नेम धरून मारली. नेम तिचा कधी चुकत नसे. चप्पल मुखवट्यावर बसली, मुखवटा सुतळीसकट तुटून खाली आला आणि कोटाची बटणं तुटून पोट म्हणून कोंबलेली कागदाची पिशवी बाहेर लोंबली.

आत बाई होती. सुतळीची लांब वेणी. गळ्यात शिट्टी. निळा ट्रॅकसूट, डाव्या गुडघ्याला पांढरी पट्टी. आणि आडव्या बांधलेल्या हातात बेशरमाची काडी नव्हे, कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी.

ढोलवाल्यांना काही कळलं नाही, ते वाजवत राहिले. मग त्यांना मुलींचे चेहरे दिसले आणि ढोल एकेक करून थांबले. मुलींचं ठरलं होतं की मुखवट्यासकट जाळायची. कुणाला कळणार नव्हतं, त्यांना सोडून. त्यांनी पुतळा खाली टाकला नाही, हे मला आठवतं. त्यांचे खांदे तसेच राहिले.

शकू ओट्यावरून उतरली, एक पाय अनवाणी. पुतळ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही मारणार. सगळ्यांना वाटलं, पुढच्या ओळीतली एक मुलगी खांदा चोरून अर्धी वळलीसुद्धा. शकूने पट्टीला हात लावला.

"गुडघा उजवा हाये माहा," ती म्हणाली. "एवढे दिवस संग राह्यल्या, तेवढं पन नाही पाह्यलं? काय शिकवलं मी तुमाले?"

मग निशा बोलली, प्लॅस्टरचा हात छातीशी धरून.

"तुमच्या गुडघ्याकडे कोन पाहिन, मॅडम? आमी तं तुमच्या हाताकडेच पाहून राह्यलो होतो."

इरा, मी शकूला पट्ट्याखाली पाहिलं होतं. मामंजी गेले तेव्हा पाहिलं होतं. पण त्या एका वाक्याने तिच्या चेहऱ्याचं जे झालं ते मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते दुःख नव्हतं, निदान आधी नव्हतं. आपली चूक नेमकी कुठे झाली ते दिसलेल्या कोचचा तो चेहरा होता. ती कंबर पाहायला शिकवत होती. त्या हात पाहायला शिकल्या होत्या.

"काडीपेटी आना," ती म्हणाली.

नाल्याकाठी, त्याच बेशरमाच्या रानात, तिने स्वतः मारबत पेटवली. ओल्या बांबूने आधी धूर केला, मग रॉकेल टाकल्यावर भडका. वेणी सगळ्यात आधी जळाली. पाठीवरचं देशाचं नाव सुरकुतलं, काळं झालं, गेलं. आणि शकू ओरडली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, गळा फाटेस्तोवर, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आधी ती एकटीच. मग निशा. मग सगळ्या. रडत होत्या की शिव्या देत होत्या, ते कळत नव्हतं. मी किल्ल्यांचा जुडगा मुठीत इतका घट्ट धरला होता की नंतर तळव्यावर वळ उठले. त्या शिबिरात मला झालेली तेवढीच जखम.

लोक म्हणतील, इथे गोष्ट संपली; आग लागली, पीडा गेली. पीडा इतक्या स्वस्तात जात नाही.

साहेब आले. मुलींना पाहिलं, खूश झाले. निशाचं प्लॅस्टर पाहून म्हणाले, "खेल में तो चोट लगती है।"

"खेल में नहीं लगी, साहब," शकू म्हणाली. "मैंने मारा। झंडे की काठी से।"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दार लोटलं. "ये बात यहीं रहने दीजिए। सब मारते हैं, मैडम। आप टीम लेके जाइए।"

म्हणजे तिला जाता आलं असतं. हे नीट वाचा. तिला कुणी काढलं नाही. कुणी तक्रार केली नाही. आयुष्यभर मागितलेली जागा तिच्या हातात होती आणि साहेब ती पुन्हा तिच्याच हातात देत होते.

"मैं लेके जाएगी तो ये बॉल नहीं देखेंगी, साहब," शकू म्हणाली. "मेरा हाथ देखेंगी। हारेंगी।"

पेपरात आलं की गुडघ्याच्या दुखण्यामुळे कोच बदलले. संघाबरोबर दुसरे गृहस्थ गेले. तेही मारत. त्यांचा पुतळा कुणी केला नाही. परत आल्यावर थोइबी मला इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या मॅडम मारायच्या, पण शिकवायच्या. हे नुसतंच मारायचे." त्या वाक्याचं समाधान मानावं की नाही, मला कळलं नाही. शकूला मी ते सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने पीठ इतक्या जोरात आपटलं की परात वाजली. "कायचं समाधान, वहिनी? चोर दोन असले का एक साव होते का?"

नंतर ती वस्तीतल्या शाळकरी मुलींना शिकवू लागली. हात ऐकत नव्हते. चूक दिसली की उजवा हात आपोआप वर यायचा. मी पाहिलं आहे. मग ती मैदानात उतरण्याआधी ओढणीने दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायची, माझ्याकडून. मी गाठ मारायचे. नुसत्या तोंडाने शिकवायची, मानेने दिशा दाखवायची. बघणारे हसायचे. "शकूबाई, अटक झाली का?" ती म्हणायची, "हाव. जामीन नाही भेटून राह्यला." कित्येक वर्षं मी ती गाठ मारली. एक दिवस तिने ओढणी आणलीच नाही, आणि मी विचारलं नाही.

आणि निशा. बोट वाकडं जोडलं गेलं, चेंडू नीट धरता येईना, देशासाठी ती कधी खेळली नाही. हे नुकसान कुणी भरून दिलेलं नाही. बरा झालेला हात घेऊन ती पुन्हा शकूकडेच आली, शिकवणं शिकायला. मी एकदा तिला विचारलं, माफ केलंस का गं? ती म्हणाली, "माफ-बिफ नाही केलं, वहिनी. कायले करू? मले शिकाचं होतं, आन् तिच्याइतकं कोनाले येत नव्हतं." आज ती देशाच्या मुलींच्या संघाची कोच आहे. दर पोळ्याला घरी येते. शकूच्या समोर बसते, दोघी तासन् तास खेळाचं बोलतात, आणि त्या काठीबद्दल एकदाही बोलत नाहीत.

तर इरा, दोन्ही वाटू शकतं. मला तेव्हापासून दोन्हीच वाटतं आहे. त्यातलं एक काढून टाकायचा मी फार प्रयत्न केला, मला नीटनेटकं आवडतं. जमलं नाही.

काल संध्याकाळी मी आणि शकू रिक्षाने मैदानावर गेलो. यंदा निशाने संघाचं शिबिर नागपूरलाच घेतलं आहे, तिच्या मुली सराव करत होत्या. चिखल उडत होता, एकमेकींच्या अंगावर आदळत होत्या, एकीचं नाक फुटलं, तिने बाहीला पुसलं आणि धावली. निशा मध्यभागी उभी राहून ओरडत होती आणि उजवी तर्जनी रोखून जागा दाखवत होती. ते बोट रोखलं की एकीकडे जातं आणि टोकाशी दुसरीकडे वळतं. एक नवी मुलगी गोंधळून थांबली. दुसरी तिला धावता धावता म्हणाली, "अवं, मॅडमच्या बोटाकडे नको पाहू, कंबर पाह्य!" सगळ्या हसल्या. निशाही हसली. शकू माझ्या शेजारी बाकावर बसली होती. ती हसली नाही, तिने गुडघ्यावरची शाल नीट केली.

मुखवटा गेला, ट्रॅकसूट गेला, काठी गेली. बोट वाकडं आहे. मुली बरोबर जागी जातात.